आतड्यातील आयनांचे वहन आणि अतिसार : मायकेल फील्ड यांच्या संशोधनाचा परिचय

प्रस्तावना :

अतिसार हा आपल्याकडे घरोघरी परिचित असलेला विकार आहे आणि या परिचयामुळेच तो काहीसा दुर्लक्षितही राहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४० हजार बालके दरवर्षी अतिसाराच्या विकारांनी दगावतात. यांपैकी पुष्कळ मृत्यूंचे कारण शरीरातील पाणी आणि क्षार अल्पावधीत निघून जाणे हे असते. यावरचा उपाय स्वस्त आहे, सोपा आहे आणि तो अर्धशतकाहून अधिक काळ ज्ञात आहे. तो म्हणजे साखर, मीठ आणि पाणी यांचे ठराविक प्रमाणातील मिश्रण, अर्थात जलसंजीवनी किंवा ओआरएस. असे असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) अतिसार झालेल्या बालकांपैकी ६०.६ टक्के बालकांनाच ओआरएस मिळाल्याचे आढळले. म्हणजे दर दहांतील जवळपास चार बालके या उपायापासून वंचित राहिली.

या उपायाचा प्रचार आपल्याकडे पुष्कळ झाला. परंतु तो का गुणकारी आहे, हे क्वचितच सांगितले गेले. कारण न कळता पाळलेला नियम लवकर शिथिल होतो. मग साखर अंदाजाने घातली जाते, मीठ विसरले जाते, किंवा जुलाब थांबेपर्यंत पाणीच बंद केले जाते. हे कारण आतड्याच्या पेशींतून होणाऱ्या आयनांच्या वहनात दडलेले आहे. ते उलगडणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये अमेरिकन वैद्यक-संशोधक मायकेल फील्ड यांचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या संशोधनाचा परिचय सर्व विद्याशाखांतील प्राध्यापकांना समजेल अशा भाषेत करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) आतड्यात पाण्याचे शोषण व स्रवण कसे घडते, हे स्पष्ट करणे.
२) फील्ड यांच्या प्रयोगांतून अतिसाराच्या कारणमीमांसेत कोणती भर पडली, याचा आढावा घेणे.
३) जलसंजीवनीतील घटकांच्या प्रमाणामागील शास्त्रीय आधार समजावून घेणे.
४) या संशोधनाचा अन्य पचनविकारांच्या उपचारांशी असलेला संबंध दाखविणे.

आतड्याचा दैनंदिन जमाखर्च :

आपण दिवसाकाठी साधारणतः दोन लिटर द्रव अन्नपाण्यातून घेतो. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे स्राव मिळून सुमारे सात लिटरची भर पडते. अशा रीतीने लहान आतड्यातून रोज जवळजवळ नऊ लिटर द्रव जातो. यांतील बहुतांश भाग लहान आतडेच शोषून घेते, दीड लिटरच्या आसपास मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि मलावाटे केवळ १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर पडते. हा हिशेब पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. एवढ्या मोठ्या उलाढालीत शोषण थोडे कमी झाले किंवा स्रवण थोडे वाढले, तरी त्याचा परिणाम जुलाबाच्या रूपाने लगेच दिसणार.

येथे दुसरी महत्त्वाची बाब अशी की, पाण्याला स्वतःहून पेशींपलीकडे ओढून नेणारा कोणताही पंप शरीरात नाही. पाणी विद्रावित पदार्थांच्या मागे जाते. सोडियम आणि क्लोराइड हे आयन आतड्याच्या पोकळीतून रक्ताकडे गेले की पाणी रक्ताकडे जाते. ते रक्ताकडून पोकळीत आले की पाणीही पोकळीत येते. म्हणूनच जुलाबात पाणी का जाते, हा प्रश्न शास्त्रज्ञांच्या दृष्टीने आयन कोणत्या दिशेने जात आहेत, असा होतो.

फील्ड यांच्या पूर्वीची पार्श्वभूमी :

या विषयाच्या अभ्यासाला पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, सर्वाधिक चालना दिली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पटकी म्हणजे मरीआईचा कोप अशी समजूत होती. वैद्यकातही एकोणिसाव्या शतकापासून एक चुकीची कल्पना दीर्घकाळ टिकून होती. या रोगात आतड्याचे आतील अस्तर सोलून निघते आणि त्या उघड्या भागातून द्रव पाझरतो, असे मानले जाई. अस्तरच नाहीसे झाले असेल, तर तोंडावाटे दिलेले पाणी शोषले जाण्याची आशा उरत नाही. त्यामुळे आतड्याला विश्रांती द्यावी, असा विचार त्यातून आला.

या कल्पनेला दोन बाजूंनी धक्का बसला. कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा भाग दोन्ही टोकांना बांधून त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडण्याचा प्रयोग १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९५९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी दाखवून दिले की, जंतू पूर्णपणे गाळून काढलेल्या द्रवानेही आतड्यात पाणी साचते. म्हणजे रोगाचे कारण जंतूंनी सोडलेले जीवविष होते. दुसरीकडे, १९६० मध्ये यूजीन गंगारोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थायलंडमधील कॉलरा-रुग्णांच्या आतड्याच्या अस्तराचे सूक्ष्म तुकडे तपासले, तेव्हा ते अस्तर शाबूत असल्याचे आढळले.

याच सुमारास शरीरक्रियाशास्त्रातही दोन गोष्टी घडल्या. डेन्मार्कचे हान्स उसिंग यांनी बेडकाच्या त्वचेतून होणारे आयनांचे वहन मोजण्याचे उपकरण सिद्ध केले होते. तर १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी असा सिद्धान्त मांडला की, आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटे शिरत नाही. त्याच्या जोडीने सोडियमही आत जाते. १९६४ मध्ये शुल्ट्झ आणि झालुस्की यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून साखरेमुळे सोडियमचे वहन वाढते, हे दाखविले.

आता प्रश्न उरला तो असा : अस्तर शाबूत आहे आणि कारण जीवविष आहे, तर ते जीवविष निरोगी दिसणाऱ्या पेशींकडून नेमके काय करवून घेते?

फील्ड यांचे प्रयोग :

फील्ड यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी उसिंग यांच्या उपकरणाचा अवलंब केला. या उपकरणाचे तत्त्व भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांस सहज पटेल असे आहे. सशाच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील अस्तराचा तुकडा दोन कप्प्यांच्या मध्ये पडद्याप्रमाणे बसवितात. दोन्ही कप्प्यांत एकच द्रावण असते. त्यामुळे संहतीच्या फरकाने होणारे वहन थांबते. दोन्ही बाजूंमधील विद्युत्‌विभवाचा फरक बाहेरून प्रवाह देऊन शून्यावर आणतात; त्यामुळे विद्युत्‌दाबाने होणारे वहनही थांबते. इतके करूनही जो प्रवाह द्यावा लागतो, तो जिवंत पेशींनी स्वतःची ऊर्जा खर्चून केलेल्या आयन-वहनाचे माप असतो. यालाच शॉर्ट-सर्किट प्रवाह म्हणतात. किरणोत्सारी सोडियम व क्लोराइड वापरून कोणता आयन कोणत्या दिशेने किती गेला, हेही स्वतंत्रपणे मोजता येते.

१९६८ मध्ये फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले की, पेशीतील चक्रीय एएमपी या संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढविले असता हा प्रवाह वाढतो. पुढील मोजणीत त्याचा अर्थ स्पष्ट झाला. एरवी सोडियम व क्लोराइड शोषून घेणारे अस्तर चक्रीय एएमपीच्या प्रभावाखाली क्लोराइड पोकळीकडे सोडू लागते. १९७१ मध्ये किंबर्ग, फील्ड व इतरांनी कॉलऱ्याचे जीवविष आतड्यातील चक्रीय एएमपी तयार करणाऱ्या विकराला उत्तेजित करते, हे दाखविले. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात फील्ड, फ्रॉम, अल-अवकाती आणि ग्रीनो यांनी सुट्या केलेल्या अस्तरावर प्रत्यक्ष हे जीवविष वापरून आयन-वहनातील तोच बदल मोजला. यातून निष्पन्न झाले की, कॉलऱ्यात अस्तराची नासधूस होत नाही. निरोगी पेशींमध्ये मुळातच असलेली स्रवणाची यंत्रणा चुकीच्या आज्ञेने अखंड चालू राहते.

नंतरच्या काळात या साखळीतील कड्या एकेक करून जुळत गेल्या. जीवविष पेशीतील एका नियंत्रक प्रथिनावर असा रासायनिक बदल घडविते की, ते ‘चालू’ अवस्थेतच अडकून पडते. त्यामुळे चक्रीय एएमपी सतत तयार होते. परिणामी पेशीच्या पोकळीकडील बाजूस असलेला सीएफटीआर हा क्लोराइडचा मार्ग उघडा राहतो. क्लोराइड बाहेर पडते, त्यामागोमाग सोडियम आणि त्यामागोमाग पाणी. त्याच वेळी सोडियम व क्लोराइड यांचे जे नित्याचे एकत्रित शोषण चालते, तेही मंदावते. एका बाजूने आवक घटते व दुसऱ्या बाजूने जावक वाढते. तीव्र कॉलऱ्यात तासाला एक लिटरपर्यंत द्रव जाऊ शकतो, याचे कारण हे दुहेरी नुकसान आहे.

क्लोराइड पेशीत मुळात येते कसे, या प्रश्नाचा मागोवा घेताना फील्ड आणि त्यांचे सहकारी सागरी जीवांकडे वळले. अमेरिकेच्या मेन राज्यातील माउंट डेझर्ट आयलंड येथील प्रयोगशाळेत शार्क माशाच्या क्षार बाहेर टाकणाऱ्या ग्रंथीवर झालेल्या अभ्यासात त्यांचा सहभाग होता. १९८२ मध्ये फ्लाउंडर या माशाच्या आतड्यात सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड यांना एकत्र आत आणणाऱ्या वाहकाचे अस्तित्व त्यांच्या गटाने प्रसिद्ध केले. माणसाच्या जुलाबाचे आकलन माशाच्या आतड्यातून वाढावे, ही बाब प्राणिशास्त्राच्या अध्यापकांस विशेष वाटेल.

अबाधित राहिलेली वाट :

फील्ड यांनी तपासलेल्या यंत्रणेचे सर्वांत मोठे व्यावहारिक महत्त्व पुढील गोष्टीत आहे. जीवविषाने बिघडते ती चक्रीय एएमपीच्या नियंत्रणाखालील यंत्रणा. क्रेन यांनी सांगितलेली ग्लुकोज व सोडियम यांची जोडवाट या नियंत्रणाबाहेर असल्याने ती कॉलऱ्यातही अबाधित राहते. पुढे एसजीएलटी-१ या नावाने ओळखले गेलेले हे वाहक प्रथिन ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत नेते. त्यांच्यामागे क्लोराइड आणि पाणी जाते. म्हणजे जावक बंद करता आली नाही, तरी दुसऱ्या दाराने आवक वाढविता येते.

उपचाराचा इतिहास या स्पष्टीकरणाच्या समांतर पुढे गेला, हे येथे नमूद केले पाहिजे. १९६८ मध्ये ढाका येथे हिर्शहॉर्न यांनी, तसेच नलिन व कॅश यांनी ग्लुकोजयुक्त द्रावणाचे रुग्णांवरील परिणाम प्रसिद्ध केले. कलकत्त्यातही असेच काम चालू होते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या काळात बनगाव येथील निर्वासित छावणीत शिरेतून द्यावयाच्या द्रवाचा साठा अपुरा पडला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व खाण्याचा सोडा यांचे द्रावण हजारो रुग्णांना तोंडावाटे देण्याची व्यवस्था केली. तिच्याखालील रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर राहिले. त्यापूर्वी ते ३० टक्क्यांच्या आसपास होते. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. छावणीतील अनुभवाने उपाय चालतो हे सिद्ध केले. प्रयोगशाळेने तो का चालतो हे सांगितले. हे ‘का’ कळल्यामुळेच हा उपाय सर्वत्र, सर्व वयांत आणि कॉलऱ्याखेरीज अन्य जुलाबांतही विश्वासाने वापरता आला.

प्रमाणाचा प्रश्न :

‘साखर-मीठ-पाणी’ या तीन शब्दांत प्रमाणाचा उल्लेख नाही. परंतु या उपायाचा प्राण प्रमाणात आहे. नुसते मिठाचे पाणी दिले, तर सोडियमची नित्याची वाट मंदावलेली असल्याने त्याचे पुरेसे शोषण होत नाही. नुसते साखरेचे पाणी दिले, तर गेलेल्या सोडियमची भरपाई होत नाही. साखर फार झाली, तर आतड्याच्या पोकळीतील द्रव रक्तापेक्षा अधिक संहत होतो आणि परासरणाच्या नियमाने पाणी रक्तातून आतड्यात ओढले जाते. म्हणजे औषध म्हणून दिलेले पाणी जुलाब वाढविते. १९६० च्या दशकाच्या आरंभी मनिला येथे रॉबर्ट फिलिप्स यांच्या गटाने वापरलेले द्रावण अति संहत होते. त्या चाचणीत काही रुग्ण दगावले आणि पुढील काम काही काळ थांबले.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००२ मध्ये जलसंजीवनीचे सूत्र सुधारले. पूर्वीच्या सूत्रात एका लिटरमध्ये सोडियम ९० व ग्लुकोज १११ मिलिमोल होते आणि एकूण संहती ३११ मिलिऑस्मोल होती. सुधारित सूत्रात सोडियम व ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल, पोटॅशियम २०, क्लोराइड ६५ व सायट्रेट १० मिलिमोल असून एकूण संहती २४५ मिलिऑस्मोल, म्हणजे रक्तापेक्षा कमी आहे. वजनाच्या भाषेत एका लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. या बदलामुळे बालकांना शिरेतून द्रव देण्याची गरज सुमारे ३३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. साखर आणि मीठ दोन्ही कमी करून द्रावण अधिक गुणकारी ठरावे, हे पेशींतील जोडवाट ठाऊक असलेल्यासच उमगते. तयार पाकीट उपलब्ध नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ हे घरगुती प्रमाण सांगितले जाते. येथे चमचा म्हणजे चहाचा चमचा, हे सांगण्यास विसरू नये.

प्रमाणाचा हा प्रश्न बाजारपेठेशीही निगडित आहे. ओआरएस या अक्षरांसह विकली जाणारी काही गोड पेये या सूत्राशी जुळत नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्याची पूर्वी दिलेली मुभा मागे घेतली. आजारी मुलासाठी पाकीट घेणाऱ्या पालकाने वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहावा, ही सूचना यामुळे अधिकच महत्त्वाची ठरते.

अन्य पचनविकारांशी संबंध :

फील्ड यांचे कार्य कॉलऱ्यापुरते मर्यादित नाही. १९७८ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखविले की, ई. कोलाय या जंतूचे उष्णतेने नष्ट न होणारे जीवविष चक्रीय एएमपीऐवजी चक्रीय जीएमपी या दुसऱ्या संदेशवाहकामार्फत स्रवण घडविते. या ज्ञानाचा उपयोग पुढे उलट दिशेने झाला. आतड्यातील त्याच ग्राहीला उत्तेजित करून मल सैल करणारे लिनाक्लोटाइड हे औषध २०१२ मध्ये अमेरिकेत दीर्घकालीन बद्धकोष्ठतेसाठी मान्य झाले. त्याच वर्षी क्लोराइडचे मार्ग रोखणारे क्रोफेलेमर हे वनस्पतिजन्य औषध एचआयव्ही-बाधितांमधील असंसर्गजन्य जुलाबासाठी तेथे मान्य झाले. स्रवणाचे एकच दार एका रुग्णासाठी उघडावे लागते, तर दुसऱ्यासाठी मिटावे लागते.

दीर्घकाळ मधुमेह असलेल्या काही रुग्णांना वारंवार जुलाब होतात. आतड्याच्या अस्तरातील शोषणाला चालना देणाऱ्या मज्जातंतूंचा ऱ्हास हे त्याचे एक कारण असल्याचे फील्ड, चँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात प्रतिपादिले आणि त्या मज्जातंतूंची उणीव भरून काढणाऱ्या क्लोनिडीन या औषधाचा उपयोग १९८५ मध्ये दाखविला. मधुमेहाचे प्रमाण वाढत असलेल्या आपल्या देशात या अभ्यासाची दखल घेतली जाणे उचित ठरेल.

मोठ्या आतड्याबाबत भारतात महत्त्वाचे काम झाले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील बी. एस. रामकृष्ण, येल विद्यापीठाचे हेन्री बाइंडर व इतरांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जलसंजीवनीत सहज न पचणारा मक्याचा स्टार्च मिसळला. हा स्टार्च मोठ्या आतड्यात पोहोचतो. तेथील जंतू त्याचे लघुशृंखला मेदाम्लांत रूपांतर करतात आणि ती अम्ले सोडियमचे शोषण वाढवितात. कॉलऱ्याच्या रुग्णांमध्ये मलाचे प्रमाण व जुलाबाचा कालावधी दोन्ही त्यामुळे घटले.

निष्कर्ष :

१) अतिसाराच्या अनेक प्रकारांत आतड्याचे अस्तर नष्ट होत नाही, आयन-वहनाचे नियंत्रण बिघडते. म्हणून जुलाब चालू असताना पाणी व अन्न बंद करणे अशास्त्रीय आहे.
२) स्रवणाची यंत्रणा आणि ग्लुकोज-सोडियमची जोडवाट परस्परांपासून स्वतंत्र आहेत. जलसंजीवनीचे यश याच एका वस्तुस्थितीवर उभे आहे.
३) जलसंजीवनी जुलाब तत्काळ थांबवीत नाही, ती गेलेले पाणी व क्षार परत मिळवून देते. हे न सांगितल्यास पालकांचा तिच्यावरील विश्वास उडतो. बालकांना तिच्या जोडीने १० ते १४ दिवस जस्त द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ मध्ये केली आहे.
४) मिश्रणातील प्रमाण हा उपायाचा अविभाज्य भाग आहे, ते अंदाजावर सोडू नये.

समारोप :

सशाच्या आतड्याचा बोटभर तुकडा, दोन कप्पे आणि एक विद्युत्‌मापक एवढ्या साधनांनिशी फील्ड यांनी ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, त्याचे उत्तर आज खेड्यातील आशा कार्यकर्तीच्या पिशवीतील पाकिटाला अर्थ देते. त्या पाकिटात वैद्यकाबरोबर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांचाही वाटा आहे. आपल्या महाविद्यालयांत परासरण रसायनशास्त्राच्या तासाला, आतडे जीवशास्त्राच्या तासाला आणि विद्युत्‌विभव भौतिकशास्त्राच्या तासाला शिकविले जाते. या तिन्हींना एकत्र आणणारे उदाहरण विद्यार्थ्यांसमोर क्वचितच ठेवले जाते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात जलसंजीवनीचे प्रात्यक्षिक दाखविणारा स्वयंसेवक ‘सहा चमचे साखर’ सांगताना सातवा चमचा का नको, हेही सांगू शकला पाहिजे. गावातील एखाद्या आईला ते कारण एकदा पटले की, पुढच्या उन्हाळ्यात तिला कोणी आठवण करून देण्याची गरज राहणार नाही.